सजग स्वप्न हातातून निसटू नये म्हणून

स्वप्नात असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असं कळणं म्हणजे सजग स्वप्न. पण ते कळलं की सुरुवातीला पुष्कळांना लगेच जाग येते. आनंदाने छाती धडधडते, समोरचं दृश्य फिकं पडतं आणि पाठीखालची गादी जाणवायला लागते. हे कळणं सरावाने जमतं. खरी मेहनत त्यानंतरची आहे. झोप मोडू द्यायची नाही आणि भानही सुटू द्यायचं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

आधी वेळेचं बघू. स्वप्नांची झोप साधारण दर नव्वद मिनिटांनी येते, पण रात्रीच्या सुरुवातीला ती जेमतेम काही मिनिटं टिकते. लांबलचक टप्पे पहाटे येतात, म्हणजे आपण जिला साखरझोप म्हणतो तीच ही झोप. साताऱ्या-सांगलीकडे ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात तीन-साडेतीनला मोटर बघून येऊन पुन्हा आडवं झाल्यावर ठळक स्वप्नं पडतात ती याचमुळे. हीच गोष्ट घरी ठरवून करायची. साडेदहाला झोपत असाल तर पावणेचारचा गजर लावा, आवाज बारीक ठेवा. उठून लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या, पंधरा-वीस मिनिटं मंद उजेडात बसा. मोबाईल हातात घ्यायचा नाही. मग पडून आधीचं एखादं स्वप्न डोळ्यांसमोर आणा आणि मनात म्हणा, ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.’ डोळा लागेपर्यंत तेवढंच.

खोलीकडे लक्ष द्या. स्वप्नांच्या झोपेत शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळू शकत नाही, त्यामुळे सांगलीच्या एप्रिल-मेमधल्या उकाड्यात नेमकी पहाटेची झोप चाळवते. खिडक्या उघड्या, मच्छरदाणी लावलेली आणि पंखा चालू, एवढं केलं तरी फरक पडतो. गळीत हंगामात रस्त्याकडेला घर असेल तर उसाच्या ट्रॅक्टरची गाणी रात्रभर चालूच असतात. पंख्याचा एकसारखा आवाज ती थोडीफार झाकतो, नाहीतर कानात कापसाचे बोळे घाला.

आता स्वप्नातलं. भान आल्याबरोबर उडायला जाऊ नका, ओरडूही नका. आधी सावकाश दोन श्वास घ्या. मग दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात चोळा, थंडीत पहाटे शेकोटी नसताना चोळतो तसे. तळव्यांचा खरखरीतपणा, बोटांमधून येणारी ऊब, हात सरकतानाचा बारीक आवाज, यावर सगळं लक्ष द्या. नुसते हात चोळून उपयोग नाही, ते चोळलेले जाणवले पाहिजेत. दहा सेकंद पुरतात. त्यानंतर जवळ जे असेल त्याला हात लावा. समजा स्वप्नात तुम्ही वाईच्या घाटावर आहात, तर खाली बसून काळ्या दगडाच्या पायरीवरून तळवा फिरवा, कडा चाचपा, पाण्यात बोटं बुडवा.

याने स्वप्न का टिकतं, याचं पटण्यासारखं कारण आहे. मेंदूचं लक्ष एका वेळी एकाच शरीराकडे पुरेसं जातं. स्वप्नातल्या हाताकडे ते गुंतलं की गादीवरच्या अंगाच्या खुणा आत शिरत नाहीत. स्वप्न विरतं तेव्हा बहुधा दिसणं आधी जातं, स्पर्श सगळ्यात शेवटी. म्हणून डोळ्यांसमोर अंधारी आली तरी हात थांबवायचे नाहीत.

एका जागी टक लावून बघणं मात्र टाळा. स्वप्नात नजर फिरते तसे पापण्यांखालचे खरे डोळेही फिरतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी नेमका याचाच उपयोग केला. झोपलेल्या अ‍ॅलन वर्सली यांनी स्वप्नातून ठरलेल्या पद्धतीने डोळे डावी-उजवीकडे हलवले आणि यंत्राने ती खूण टिपली. नजर खिळली की डोळ्यांची ती हालचाल थांबते आणि स्वप्न मोडायचा धोका वाढतो. म्हणून नजर हिंडती ठेवा. हात बघा, जमीन बघा, लांबचं झाड, पुन्हा हात.

दृश्य जवळपास गेलंच तर गिरकी. हात पसरून जागच्या जागी गोल फिरा आणि फिरताना म्हणत राहा, ‘आता जे दिसेल तेही स्वप्नच.’ अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वप्नांवर संशोधन केलेले स्टीफन लाबर्ज यांनी गिरकी आणि हात चोळणं दोन्ही तपासलं. नुसतं स्वप्नाच्या ओघात राहण्यापेक्षा दोन्ही सरस ठरले. गिरकीची एक खोड आहे. ती थांबते तेव्हा पुष्कळदा तुम्ही स्वतःच्याच अंथरुणात असता, जाग आली असं वाटतं आणि ती जागही स्वप्नातलीच असते. इथे फार जण फसतात. म्हणून ‘जाग आली’ की दर वेळी नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. नाक बंद असूनही हवा आत गेली तर अजून स्वप्नातच आहात. भिंतीवरच्या कॅलेंडरची एक ओळ वाचून, नजर फिरवून परत वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदललेली असतात.

दुसरं काम भान टिकवण्याचं. त्यात झोप मोडत नाही, फक्त तुम्ही विसरता. मावशी येते, ‘चल, पानं वाढलीत’ म्हणते, तुम्ही हात धुवायला जाता आणि गोष्ट संपली. यावर उपाय म्हणजे अर्ध्या-एक मिनिटाने मोठ्याने म्हणायचं, ‘हे स्वप्न आहे.’ तोंडाने म्हणायचं, मनात नाही. शिवाय झोपण्यापूर्वीच एक छोटं काम ठरवून ठेवा, जसं एक दार उघडून पलीकडे बघायचं. मोठे बेत सुरुवातीला नकोत, त्यांच्या नादात माणूस वाहवतो.

खरीच जाग आली तर हलू नका, डोळेही उघडू नका. तसंच पडून हात चोळण्याची जाणीव आठवत राहा. मिनिटभरात पुष्कळदा तेच स्वप्न पुन्हा धरता येतं. याच वेळी अंग लाकडासारखं जड वाटेल, छातीवर कुणी बसल्यासारखंही वाटेल. गावाकडे त्याला भुताचं नाव देतात. खरं तर स्वप्नांच्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात आणि मन तेवढं आधी जागं होतं. पायाची बोटं हलवायचा प्रयत्न करा, श्वास संथ ठेवा, ते आपोआप सुटतं. उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा.

गजराचा प्रयोग आठवड्यातून दोनच रात्री, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येणार असेल तेव्हाच. पहाटे गाडी किंवा ट्रॅक्टर चालवायचा असेल तर नकोच. निद्रानाश, फिट्स किंवा भास होण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. दारूने रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नं दबतात आणि पहाटेची झोप तुटक होते, त्यामुळे त्या रात्री प्रयोग वायाच जातो.

उशाशी वही-पेन ठेवा. उठल्यावर शेवटच्या दृश्यापासून मागे मागे आठवत लिहा, आणि शेजारी एका शब्दात नोंदवा की स्वप्न कशाने गेलं: आनंद, टक, आवाज, उकाडा की विसर. पंधरा-वीस नोंदी झाल्या की एकच शब्द वारंवार आलेला दिसेल. पुढच्या रात्री फक्त त्याच्यावर काम करा.