खुनाची कादंबरी: आधी खुन्याची बाजू लिहा

रहस्यकादंबरीला हात घालताना पहिलं प्रकरण लिहू नका. खुन्याचा दिवस लिहा. तो कितीला उठला, कुणाला काय थाप मारली, किल्ली कुठून उचलली, परत कुठे टांगली. यातलं फारसं काही पुस्तकात येत नाही, पण याच्यावाचून तपास अधांतरी राहतो.

माझ्या सध्याच्या कादंबरीतला खून होतो हरिपुरात, हळदीच्या पेवात. सांगलीजवळच्या या गावात हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवत. २००५च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली, म्हणून कथा मी १९९६च्या एप्रिलात ठेवली. बंद पेवात प्राणवायू पुरेसा नसतो. तोंड उघडून काही तास हवा खेळू द्यायची, मगच माणूस उतरवायचा. माझ्या खुन्याला हत्यार लागतच नाही. "पेव सकाळीच उघडलंय," एवढंच तो हमालाला सांगतो. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे.

पहिला खर्डा पळत लिहा. एखाद्या पात्राचं नाव सुचत नसेल तर जागा सोडा. चौकशी लांबतेय? लांबू द्या. शेवट हाती नसताना सुरुवात घासत बसण्यात अर्थ नाही.

खरी गंमत खर्ड्यावर दुसरा हात फिरवताना. फुलस्केप कागद आडवा धरा आणि रकाने आखा: वेळ, खुनी कुठे, कोणी पाहिलं, वाचकाला कोणत्या पानावर कळतं. सगळी मेख शेवटच्या रकान्यात आहे. पेवाच्या तोंडावरून ओढलेली माती सकाळपासून उन्हात पडली असती तर दुपारी कोरडी ठणठणीत झाली असती. ती ओलसर आहे. खर्ड्यात फौजदार ती पाहून थबकत होता. तो थबकला की वाचकही कान टवकारतो. आता तिथे असं आहे: "बाजूला सारलेली फरशी, ओलसर मातीचा ढीग, उपडं पडलेलं घमेलं, आणि तेवढ्यात हमालाची बायको गर्दी फोडून आत आली." माती मधोमध, पाठोपाठ बायको. माती सगळे वाचतात, बघतात मात्र बायकोकडे.

खुनी पोलीस ठाण्यात कबुली देतो आणि पुस्तक संपतं, हा शेवट मला आळशी वाटतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५. कथा आजची असेल तर १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, पण हा नियम तोच. खुनाचं कलम मात्र बदललं. त्या तारखेनंतरच्या खुनाला '३०२ लावतो' म्हणणारा फौजदार चुकतो. आता भारतीय न्याय संहितेचं १०३.

छाटणी सगळ्यांत शेवटी. फौजदार चहा पितो ती वाक्यं आधी उडवा. मग साक्षीदारांकडे वळा: ज्याला खोटं बोलायला किंवा गप्प बसायला स्वतःचं कारण नाही, त्यालाही घरी पाठवा.