वरचा कॉमा कुठे द्यायचा?

सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने पुष्कळ. त्यामुळे नवी पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लेबलांचा मजकूर सारखा येत असतो. परवा मुलांच्या शर्टाचं लेबल आलं: बी-ओ-वाय, वरचा कॉमा, मग एस. छापायच्या आधी मी विचारलं, ‘भाऊ, शर्ट एकाच मुलाचा आहे का?’

‘नाही ओ, पाचवी ते दहावीच्या पोरांचा.’

मराठीत ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यांत फरक एका अनुस्वाराचा. इंग्रजीत तेच काम या कॉमाची, म्हणजे अॅपॉस्ट्रॉफीची जागा करते. एसच्या आधी आला तर मुलाचा, एसच्या नंतर आला तर मुलांचा. उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून कानावर भरवसा ठेवू नका. आधी अनेकवचन पूर्ण लिहा. बॉइज, लेडीज यांच्या शेवटी एस आहेच, तर पुढे नुसता कॉमा. मेन, विमेन, चिल्ड्रन यांच्या शेवटी एस नाही, म्हणून त्यांना आधी कॉमा आणि मग एस.

जिथे चा-ची-चे नाही, तिथे कॉमाही नाही. खोक्यावर ‘टॉवेल्स’ लिहायचं तर टी-ओ-डब्ल्यू-ई-एल-एस, बस्स. टॉवेल एकाहून जास्त आहेत एवढंच सांगायचंय. तिथे एसच्या आधी उगाच कॉमा देण्याची चूक मला फार खटकते. आपला टॉवेल परदेशी जातो, आणि तिथला माणूस माल हातात घेण्याआधी खोकं वाचतो.

कॉमाचं दुसरं काम गळलेल्या अक्षराची खूण ठेवण्याचं. ‘कोऽहम्’मधला अवग्रह आठवा, तिथे अ लोपलाय. तसंच ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ होताना नॉटमधला ओ गळतो, म्हणून कॉमा त्या ओच्या जागी, एन आणि टीच्या मधे.

सगळ्यात जास्त घोळ आय-टी-एसचा. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं पूर्ण म्हणून पाहा. वाक्य जुळलं तर कॉमा द्या. ‘त्याचा’ या अर्थी असेल तर देऊ नका. चा-ची-चेची युक्ती इथे चालत नाही, पण ‘माझा’, ‘तुझा’ यांना आपण तरी कुठे वेगळा ‘चा’ जोडतो? इट्स, हर्स, युवर्स, देअर्स ही तशीच तयार रूपं आहेत.

सालांचं थोडक्यात: १९९०चं दशक लिहिताना आकड्यापुढे नुसता एस. नुसतं ९० लिहिलं तर कॉमा ९०च्या आधी, कारण १९ गळलंय. इथे कॉम्प्युटर फसवतो. सुरुवातीलाच चिन्ह टाइप केलं की त्याला वाटतं अवतरण सुरू झालं, आणि तो ते इंग्रजी सहासारखं वळवतो. आपल्याला हवं इंग्रजी नऊसारखं. मी आधी कुठलंही एक अक्षर टाइप करते, त्याला चिकटून चिन्ह देते आणि मग ते अक्षर पुसून टाकते. चिन्ह बरोबर राहतं.