उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचं काय करायचं

लाकडाचे उरलेले तुकडे फेकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत, कारण आपण आधी वस्तू ठरवतो आणि मग तुकडा शोधत बसतो. उलटं करा. सगळे तुकडे जमिनीवर मांडा, भरीव लाकूड एकीकडे, प्लाय एकीकडे, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला तक्ता वेगळा (तो पाण्याने फुगतो, ओल्या जागेसाठी नकोच). पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या असतील तर शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका. खिळे काढून वरून चुंबक फिरवा, राहून गेलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो.

सुरुवात मोबाईल स्टँडपासून करा. १० सेंमी लांब, ८ रुंद, ३-४ जाड असा ठोकळा पुरतो. मोबाईलची जाडी कव्हरसकट मोजा, त्यापेक्षा १-२ मिमी जास्त रुंद खाच आखा, साधारण १५ मिमी खोल आणि मागे थोडी कललेली, १५ अंश वगैरे. खाच पुढच्या कडेजवळ घ्या म्हणजे मोबाईल मागे रेलला तरी ठोकळा उलटत नाही. दोन्ही रेघांवर करवत चालवायची पण रेघेच्या आतल्या बाजूने, कारण करवत स्वतःच एखाद-दोन मिमी लाकूड खाते, आणि मधला भाग पटाशीने थोडा थोडा काढायचा, एकदम खोल ठोकलंत तर लाकूड रेषेतून चिरतं.

दुसरं म्हणजे गरम भांड्याखाली ठेवायची चौफुली, माझी सगळ्यात आवडती. १८ सेंमी लांब, ३ रुंद, २ जाड अशा दोन पट्ट्या. दोन्हींच्या बरोबर मध्ये, अरुंद कडेवरून, २ सेंमी रुंद आणि दीड सेंमी खोल खाच, मग एक उलटी करून दुसरीत बसवायची. पट्टीची जाडी मोजपट्टीने घेऊ नका, दुसरी पट्टीच वर उभी धरून पेन्सिल फिरवा, असा जोड बोटाने दाबल्यावर घट्ट बसतो आणि खिळा लागत नाही. ही भरीव लाकडाचीच करा.

चाव्या अडकवायची पट्टी तर अगदीच सोपी, फक्त हुक लावण्याआधी बारीक ड्रिल मारा, विशेषतः टोकाजवळ, नाहीतर फाटते.

घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि तोंडाला मास्क. जवसाचं तेल लावलंत तर ते फडके चुरगाळून टाकू नका हं, सुकताना आपोआप पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.

अगदी बोटभर उरलेले तुकडे क्लॅम्पखाली (लाकूड घट्ट आवळून धरणाऱ्या शिकंज्याखाली) ठेवायला जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वस्तूवर वळ उठत नाहीत.