समुद्र लांब असला तरी हरिकेन येतं: या चुका टाळा

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन हरिकेन, म्हणजे अटलांटिक भागातलं जोरदार चक्रीवादळ, अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. नॉर्थ कॅरोलायना राज्यात मात्र शंभरहून जास्त माणसं गेली, तीही बहुतेक पश्चिमेच्या डोंगराळ भागात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथल्या ॲशव्हिल शहरात नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला.

कॅटेगरीवर विसंबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हरिकेनच्या कॅटेगरीचा एक ते पाच हा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो, पावसाबद्दल एक अक्षरही नाही. आतल्या भागात पोचेपर्यंत वारा मंदावतो, बातम्यांत 'वादळ ओसरलं' असं येतं, आणि लोक निर्धास्त होतात. १९६९ मध्ये कॅमिल हरिकेन व्हर्जिनियाच्या नेल्सन काउंटीत पोचलं तेव्हा त्याच्यात हरिकेनचा जोर उरलाच नव्हता. तरी एका रात्रीत सुमारे २७ इंच पाऊस कोसळला, दरडी सुटल्या आणि शंभराहून अधिक जीव गेले. त्यामुळे कॅटेगरी बाजूला ठेवून पावसाचा अंदाज बघा. आधीच्या चार दिवसांत जमीन भिजली असेल तर धोका आणखी वाढतो.

वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर शंकूसारखा पट्टा काढतात, त्याचाही असाच गैरसमज. तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल ते दाखवतो. पाऊस त्या रेषा पाळत नाही.

आदेशाची वाट पाहणं

किनाऱ्यावरचे स्थलांतराचे झोन समुद्राच्या लाटेचा विचार करून आखलेले असतात. आत तसे झोन बहुधा नसतातच, आणि ओढ्याला लोंढा येतो तो मध्यरात्री, मोबाइलचं नेटवर्क गेलेलं असताना. म्हणून निघायचं कधी, हे आधीच घरात ठरवून ठेवा. फ्लड वॉच म्हणजे पूर येऊ शकतो. ओढ्याकाठी, उताराच्या पायथ्याशी किंवा मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर तेव्हाच, उजेडात निघा. फ्लड वॉर्निंग म्हणजे पूर आलाय किंवा येऊन ठेपलाय. आता लांबचा प्रवास नको, जवळची उंच जागा गाठा.

दुसरं टोकही तितकंच वाईट. २००५ मध्ये रीटा हरिकेनच्या वेळी टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम रस्त्यावर उतरले. उन्हाचा तडाखा, तासन्‌तासांची कोंडी आणि वृद्धांना नेणाऱ्या एका बसला लागलेली आग यांत कितीतरी बळी गेले. घर भक्कम आणि उंचावर असेल तर थांबणंच शहाणपणाचं. नसेल, तर दोन राज्यं ओलांडायची गरज नाही. उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांचं घर पुष्कळदा पुरतं.

निघायला उशीर झाला तर

पाण्यात गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं, दोन फुटांत एसयूव्हीसुद्धा जाते. शिवाय खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, हे अंधारात दिसत नाही. घरात अडकलात तर वरच्या मजल्यावर जा, पण छपरावर निघायची वाट नसलेल्या बंद माळ्यात शिरू नका. वीज गेली म्हणून जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवणंही जीवघेणं. तो घरापासून किमान २० फूट लांब हवा.

एक काम मात्र वादळाचं नाव ऐकल्यावर जमत नाही. साध्या गृहविम्यात पूर धरलेला नसतो, आणि सरकारी पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात.