हाडातल्या आणि मांसातल्या गाठी : या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी जिल्ह्याच्या गावी हाडांचा डॉक्टर आहे. हाडाचा किंवा स्नायू-चरबीतला कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, तसा दुर्मीळ. त्यामुळे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. चुका मात्र दर वेळी त्याच.

मला सगळ्यांत जास्त छळणारी चूक आधी सांगतो : ‘चरबीचीच गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू.’

चाळिशीच्या एक बाई आल्या होत्या. मांडीतली गाठ दुखत नाही म्हणून त्यांनी वर्षभर अंगावर काढली. मग एका लहान दवाखान्यात ती कापून काढली. एमआरआय नाही, तपासणीसाठी सुईने तुकडा (बायोप्सी) घेतलेला नाही. पाच महिन्यांत गाठ परत आली. त्यांनी व्रण दाखवला. मांडीवर वीतभर आडवा, आणि त्याच्याखाली चार बोटांवर साचलेलं रक्त-पाणी काढायला नळी घातल्याचं वेगळं भोक. मी विचारलं, “ताई, काढलेली गाठ तपासायला कुठे पाठवली?” उत्तर नवऱ्याने दिलं, “साधीच हाय म्हणाले साहेब. टाकून दिली.”

आम्ही तुकडा घेतला. सार्कोमा निघाला.

अशा ऑपरेशनात चाकू आणि रक्त जिथवर पोचतं तिथवर गाठीच्या पेशी सांडतात. म्हणून दुसऱ्या वेळी तो सगळा व्रण, नळीची वाट आणि मधलं मांस एकसंध काढावं लागलं. हातापायावरचा छेद उभा असेल तर कातडी जुळायला बरीच सोपी जाते. इथे दुसऱ्या मांडीची कातडी आणून लावली, वर कित्येक आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. पाय वाचला, पण त्यांना आता उकिडवं बसता येत नाही, आणि त्यांचं पोट खुरपणीवर.

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल, वाढत असेल किंवा एकदा काढून परत आली असेल, तर आधी एमआरआय, मग तुकडा, आणि चाकू सगळ्यांत शेवटी. दुखत नाही म्हणून ती साधी ठरत नाही. मी प्रत्येक गाठ टेपने मोजतो आणि माप तारखेसह केसपेपरवर लिहितो. तुकडा घ्यायचा तो पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलूनच, कारण सुईची वाटही पुढच्या छेदात यावी लागते. तरुण डॉक्टर मित्रांनो, अर्ध्या तासाची ही घाई मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक मालिशची. वाढत्या वयातला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा एक कॅन्सर, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास होतो. मुलगा कबड्डीत पडलेला असतो, म्हणून घरचे दोन महिने तेल लावून चोळत राहतात. पडल्याने हा कॅन्सर होत नाही, पडल्यामुळे लक्ष तिकडे जातं एवढंच. वाढत्या वयात मुलांचे पाय दुखतात, ते साधं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी मूल खेळायला पळतं. एकाच गुडघ्याला दुखतंय, रात्री झोपमोड होतेय, सूज आहे, तर मी त्याच दिवशी एक्स-रे काढतो.

‘गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो,’ असं म्हणून तुकडा देणं टाळू नका. नीट घेतलेल्या तुकड्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

छातीचा सीटी स्कॅन चुकवू नका. सार्कोमा सहसा आधी फुप्फुसात जातो.

‘केमो नंतर बघू, आधी कापून टाका,’ हा हट्ट नातेवाईक नेहमी धरतात. ऑस्टिओसार्कोमात साधारण दहा आठवडे आधी केमो देतात, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. काढलेल्या गाठीतला नव्वद टक्के किंवा जास्त भाग मेलेला निघाला, तर औषध चांगलं लागू पडलं असं समजतात. ही माहिती आधीच कापलं तर मिळत नाही. दोन डोसांत सूज उतरली म्हणून तिसऱ्याला न येणारी मुलं मी पाहिली आहेत. ती परत आली तेव्हा गाठ आधीपेक्षा मोठी होती. आज बहुतेकांचा पाय वाचवता येतो, आतलं हाड काढून धातूचा सांधा बसवतात. पण वेळ गेली की तोच पाय कापावा लागतो.

पैशांसाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलला निघताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचा (स्लाइड) मागून घ्या, एमआरआयची सीडी घ्या. नाहीतर तुकडा पुन्हा द्यावा लागू शकतो.