उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं शिकवताना या चुका टाळा

पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिते: ‘आत्याने आभाळाकडे पाहिलं. गच्चीवरचे पापड अजून ओलसरच होते. तरी तिने ते भराभर सुपात गोळा केले आणि ती धावतच खाली आली.’

प्रश्न: आत्याने पापड का गोळा केले?

पहिलं उत्तर येतं, “वाळले म्हणून.” दुसरं येतं, “तिने ते भराभर सुपात गोळा केले.” एकाने घरी पाहिलेलं सांगितलं, दुसऱ्याने प्रश्नातला शब्द जिथे दिसला ते वाक्य उचललं. ‘का’ या शब्दाकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

‘इथून इथपर्यंत खूण करा’

ही सवय आपणच लावतो. धडा संपला की स्वाध्याय काढायचा आणि पेन्सिलीने उत्तराच्या खुणा करून द्यायच्या. मीही कित्येक वर्षं हेच केलं. वह्या सुबक दिसतात, पालक खूश असतात; पण अपठित उतारा समोर आला की मूल गोंधळतं, कारण उत्तर शोधण्याचं काम त्याने कधी केलेलंच नसतं. आता मी उलटं करते: खूण मुलांनी करायची, मी फक्त विचारायचं, “हीच ओळ का?” वेळ जास्त लागतो. एका तासात दोनच प्रश्न झाले तरी चालतील. गाईड मात्र त्या वेळी दप्तरातच राहू द्या.

उत्तर चुकलं की मगच ‘कुठे लिहिलंय?’ विचारणं

ही चूक चटकन लक्षात येत नाही. चुकल्यावरच हा प्रश्न ऐकू आला, तर मुलं शिकतात की बाईंनी विचारलं म्हणजे उत्तर बदलायचं. बरोबर उत्तर दिलेली मुलगीही घाईने खोडरबर काढते. म्हणून बरोबर उत्तरालाही विचारा, “कशावरून?” आणि ओळीवर बोट ठेवायला सांगा.

“पाऊस येणार होता” असं कुणी म्हणालं, तर ‘पाऊस’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तरीही उत्तर बरोबर आहे. आभाळाकडे पाहिलं, पापड ओलसर असूनही उचलले, भराभर, धावत: हे चार धागे मुलांनी स्वतः शोधून सांगितले की वर्गात जी चुळबुळ होते, ती ऐकण्यासारखी असते. ‘वाळले म्हणून’ म्हणणाऱ्यालाही ‘चूक’ म्हणू नका. त्याला ‘ओलसर’ या शब्दावर बोट ठेवू द्या, तो स्वतःच उत्तर बदलेल.

नुसती ओळ उतरवून थांबणं

पुरावा सापडला म्हणजे उत्तर झालं असं नाही. आधी स्वतःचं वाक्य, मग ‘कारण उताऱ्यात म्हटलंय की…’, एवढा साचा सुरुवातीला पुरतो. ‘ती’, ‘ते’, ‘त्यामुळे’ असे शब्द आले की कोण, काय, कशामुळे हे विचारून घ्या. पुष्कळ उत्तरं तिथेच घसरतात.

स्वमताच्या प्रश्नात मत मुलाचं असतं, पण तेही उताऱ्यातल्या एखाद्या गोष्टीला धरून हवं. ‘मला आत्या आवडली’ यापुढे ‘का’ आलंच पाहिजे.

शिष्यवृत्तीच्या सरावात योग्य पर्यायाला गोल करून पुढे पळू नका. उरलेले तीन पर्याय कोणत्या शब्दामुळे बाद झाले, हे निदान एका प्रश्नापुरतं तरी बोलून घ्या.

अडखळत वाचणाऱ्या मुलाचं काय?

त्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, अर्थ हातातून निसटतो. त्याला आकलन जमत नाही असा शिक्का मारू नका. उतारा तुम्ही वाचून दाखवा, दोनदा. मग तोंडी विचारा. माझ्या वर्गातला एक मुलगा जोडाक्षरापाशी अडायचा, ऐकल्यावर मात्र सगळ्यांच्या आधी म्हणाला, “बाई, ती धावली ना, म्हणजे थेंब पडायला लागले असतील.” त्याला ‘धावतच’ हा शब्द फळ्यावर शोधायला सांगितला. तो त्याने शोधला, आणि वाचलाही.