चमोड करूनही परवानगी बदलत नाही? आधी डिस्क कशी माउंट झालीय ते बघा

तपकीर गल्लीतून आणलेली पोर्टेबल डिस्क बहुतेकदा एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटमध्येच येते. कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोजला ती चालते, घरच्या उबंटू लिनक्सवर सिनेमेही बिनतक्रार उघडतात. त्याच डिस्कवर प्रोजेक्टचा फोल्डर टाकून काम सुरू केलं की मात्र रडारड. चोन (फाइलचा मालक बदलणारी chown कमांड) दिलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. चमोड (परवानगी बदलणारी chmod) तर त्याहून बेरकी: एररही देत नाही आणि एलएस -एल ने फाइल्सची यादी बघितली की परवानगी जशीच्या तशी.

कारण साधं आहे. एक्सफॅट आणि फॅट32 मध्ये फाइलचा मालक किंवा 644, 755 असले परवानगीचे आकडे लिहून ठेवायला जागाच नाही. लिनक्स डिस्क माउंट करताना, म्हणजे सिस्टिमला जोडून घेताना, सगळ्या फाइल्सना एकच मालक आणि एकच परवानगी चिकटवतं. त्यामुळे फाइलला कितीही चमोड मारा, बदलायचं असतं ते माउंट.

पहिली पायरी, फाइंडमाउंट (findmnt) -टी (कॅपिटल T) आणि पुढे फोल्डरचा पाथ. (इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा.) त्यात फाइल सिस्टिमचं नाव आणि ऑप्शन दिसतात. एक्सफॅट किंवा फॅट32 वर यूआयडी (मालकाचा नंबर) दिसत नसेल किंवा 0 असेल, तर डिस्क रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, नावावर आहे. फाइल मॅनेजरमधून उघडलेली डिस्क तुमच्या नावावर येते, हाताने सुडो माउंट केलेली रूटच्या. निम्मी भांडणं इथलीच असतात.

आयडी -यू ने आपला नंबर बघा, उबंटूवर पहिल्या युझरचा सहसा 1000 असतो. डिस्क अनमाउंट करा आणि एफएसटॅबमधल्या (कोणती डिस्क कशी माउंट करायची ते लिहिलेली fstab फाइल) तिच्या ओळीत हे ऑप्शन टाका:

यूआयडी=1000,जीआयडी=1000,डीमास्क=022,एफमास्क=133,नोफेल

मास्कमध्ये काढून घ्यायच्या परवानग्या लिहायच्या असतात. 777 मधून 133 गेले की फाइलला 644 उरतात, 022 गेले की फोल्डरला 755. डिस्कवरून स्क्रिप्ट चालवायच्या असतील तर एफमास्कही 022 करा. नोफेल विसरू नका. नाहीतर डिस्क न लावता लॅपटॉप चालू केला की दीड मिनिट वाट बघून तो इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो, तेही नेमकं सबमिशनच्या सकाळी. आणि एक छुपा खड्डा: ‘युझर’ हा ऑप्शन दिला की नोएक्झेक (डिस्कवरून प्रोग्राम चालवायला बंदी) आपोआप लागतं. मग 755 दिसत असूनही स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणते. अशा वेळी त्याच्यानंतर एक्झेक लिहावं लागतं.

एरर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असेल तर तो परवानगीचा मामला नाही. ड्युअल बूट असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडं ठेवतं आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा आणि पूर्ण शटडाउन द्या. लिनक्सकडून जबरदस्ती केली तर डेटा जाऊ शकतो.

काही सॉफ्टवेअर मात्र माउंट दुरुस्त करूनही ऐकत नाही. एसएसएचच्या प्रायव्हेट कीला 600 किंवा त्याहून कडक परवानगी लागते, पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरला 700 किंवा 750. एक्सफॅटवर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) बनत नाही, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉल आणि पायथॉनचं व्हेन्व्ह अडखळतात. हे सगळं होम फोल्डरमध्येच ठेवावं. गिटला सगळ्या फाइल्स बदललेल्या दिसत असतील तर त्या रिपॉझिटरीत कोअर.फाइलमोड फॉल्स करा. बॅकअपला आरसिंक -ए वापरलं तर चोनचे एरर धो धो येतात, तिथे -आरटी पुरतं.

डिस्क विंडोजलाही हवी आणि लिनक्सचं सॉफ्टवेअरही तिच्यावरच चालवायचं, असा हट्टच असेल तर डिस्कवर 20 जीबीची एक इमेज फाइल बनवा, तिच्यात लिनक्सचा ईएक्सटी4 फॉरमॅट करा आणि माउंट -ओ लूपने जोडा. आतला वरचा फोल्डर एकदा चोन करून आपल्या नावावर घ्या. त्यानंतर चमोड, चोन, सिमलिंक सगळं आत नीट चालतं. विंडोजला ती फक्त एक मोठी फाइल दिसते. फॅट32 वर हे जमणार नाही, तिथे एका फाइलची मर्यादा 4 जीबी आहे. आणि केबल उपटण्याआधी इमेज आधी, डिस्क नंतर, याच क्रमाने अनमाउंट करायचं.